इंजिन सुलट पळतं, उलट अडखळतं. एक्सेंट्रिक नक्की किती फिरवायचं?

पितळी_पिस्टन
शनिवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी, इथे वाफेच्या इंजिनांवर बोलणारी बरीच जाणती माणसं दिसतायत म्हणून विचारतोय, प्रश्न बाळबोध वाटला तर हसून घ्या पण उत्तर द्या.

गेले सात-आठ महिने घरी एक छोटं स्टीम इंजिन बनवतोय. एकच सिलिंडर, आडवं, बोअर २० मिमी, स्ट्रोक २५. पितळ तांबाकाट्यावरून आणलं, स्क्रू-बोल्ट नागदेवीवरून, आणि लेथचं काम भांडुपला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये, रविवारी मशीन रिकामं असतं तेव्हा. बॉयलर नाहीये, गिरगावातल्या चाळीत बॉयलर पेटवला तर आधी आई पेटेल. त्यामुळे रंगकामवाल्यांचा असतो तसला छोटा कॉम्प्रेसर घेतलाय, २ बारवर इंजिन चालतं. सुलट दिशेला तर असं चालतं की फ्लायव्हीलकडे बघत बसावंसं वाटतं, अगदी कमी हवेवर पण टिकटिक टिकटिक चालू राहतं.

आता मला ते उलटं पण चालवायचंय. आगगाडीच्या इंजिनात गिअरबॉक्स नसतो एवढं माहितीये, सगळा खेळ व्हॉल्व्हचा असतो हेही वाचलंय. मग डोकं लावलं की व्हॉल्व्ह हलवणारं एक्सेंट्रिक (शाफ्टवर मध्य सोडून बसवलेली चकती) शाफ्टवर बरोबर समोरच्या बाजूला नेलं, म्हणजे १८० अंश, तर हवा पिस्टनच्या विरुद्ध बाजूला जाणार आणि इंजिन उलटं फिरणार. ग्रब स्क्रू ढिला केला, १८० फिरवलं, आवळलं. फिरतं, नाही असं नाही, पण जोरात ढकलून द्यावं लागतं आणि मग दम्याच्या पेशंटसारखं धापा टाकत दहा-बारा फेरे मारून थांबतं. परत जुन्या जागी आणलं की मस्त. चार वेळा करून बघितलं, तेच.

व्हॉल्व्ह साधा डी आकाराचा स्लाइड व्हॉल्व्ह आहे, पोर्ट (सिलिंडरमध्ये हवा जायची खाच) २ मिमी रुंद, व्हॉल्व्हची एकूण हालचाल ७ मिमी. चुकतंय कुठे?

धावतपळत
रविवार, सकाळी ८:०५

एक्सेंट्रिकला हातच नको लावूस. सोपा उपाय सांगतो, चार तोंडांचा कॉक घे आणि हवा आत जायची नळी आणि बाहेर यायची नळी यांची अदलाबदल कर. हवा एक्झॉस्टमधून आत, इनलेटमधून बाहेर. इंजिन आपोआप उलटं. माझ्याकडे लहानपणी टिनचं खेळण्यातलं इंजिन होतं, डोलणाऱ्या सिलिंडरचं, त्यात असंच होतं, एक छोटी दांडी इकडून तिकडे केली की झालं.

मोजूनमापून
रविवार, सकाळी ९:२०

धावतपळत, डोलत्या सिलिंडरला ते चालतं कारण तिथे व्हॉल्व्हच नसतो, सिलिंडर स्वतःच डोलून भोकं उघडबंद करतो. ह्याचा डी व्हॉल्व्ह आहे. डी व्हॉल्व्ह पोर्टच्या सपाट तोंडावर कशामुळे चिकटून बसतो? वरून वाफेचा दाब असतो म्हणून. तू दाब खालून, त्याच्या पोटातून दिलास तर तो झाकणासारखा उचलला जाणार आणि हवा सगळीकडून फुस्स. इनलेट-एक्झॉस्टची अदलाबदल करून उलटी चालणारी इंजिनं खरोखर होती, जहाजावरचे विंच आणि सुकाणू फिरवायची इंजिनं तशी असायची, पण त्यांना पिस्टन व्हॉल्व्ह असायचे, तेही जवळजवळ बिनलॅपचे, आणि ती वाफ अक्षरशः प्यायची.

आता पितळी_पिस्टनचा खरा प्रश्न. तू १८० म्हणतोस तिथेच मेख आहे. लॅप किती ठेवलायस? म्हणजे व्हॉल्व्ह बरोबर मधोमध असताना त्याची कड पोर्टच्या बाहेर किती जाते? आणि लीड किती? म्हणजे पिस्टन टोकाला असताना पोर्ट आधीच किती उघडलेलं असतं? हे दोन आकडे दे, मग सांगतो.

पितळी_पिस्टन
रविवार, सकाळी ९:५१

लॅप दोन्ही बाजूंना दीड मिमी. लीड पाव मिमी असावं, फीलर गेजनी बघितलंय, ०.२५ची पट्टी जेमतेम जाते. एक्झॉस्टच्या बाजूला लॅप नाहीये, बरोबर कडेला कड. नेटवर एक जुनं ड्रॉइंग मिळालं होतं त्यावरून केलं, का ते खरं सांगायचं तर कळलं नव्हतं.

मोजूनमापून
रविवार, सकाळी १०:३४

झकास, आकडे एवढे सोपे निघाले की कागद-पेन्सिल पण लागत नाही.

आधी असं समज की लॅप शून्य आणि लीड शून्य. मग एक्सेंट्रिक क्रँकच्या (पिस्टनचा दांडा शाफ्टला फिरवतो तो हात) बरोबर ९० अंश पुढे बसवायचं, आणि उलटं चालवायचं तर ९० अंश मागे. दोन्ही जागांमधलं अंतर १८०. तुझं लॉजिक अशा इंजिनाला शंभर टक्के लागू आहे. पण तुझ्या व्हॉल्व्हला लॅप आहे, म्हणून पिस्टन टोकाला असताना व्हॉल्व्हनी आधीच लॅप + लीड एवढं अंतर कापलेलं असावं लागतं, १.५ + ०.२५ = १.७५ मिमी. व्हॉल्व्हची एकूण हालचाल ७ म्हणजे मधल्यापासून एका बाजूला ३.५. आता १.७५ भागिले ३.५ म्हणजे अर्धा, आणि ज्या कोनाचा साइन अर्धा तो कोन ३० अंश. म्हणजे तुझं एक्सेंट्रिक क्रँकच्या ९० नाही, ९० + ३० = १२० अंश पुढे आहे. ह्या जादाच्या ३० अंशांना अँगल ऑफ ॲडव्हान्स म्हणतात.

उलट्या दिशेलाही ते क्रँकच्या १२० अंश पुढेच हवं, फक्त "पुढे" म्हणजे आता दुसऱ्या बाजूनी. क्रँकला १२ वाजता धर. सुलट चालताना एक्सेंट्रिक ४ वाजता असेल तर उलट चालताना ते ८ वाजता पाहिजे. ४ पासून ८ पर्यंत किती? चार तास, म्हणजे १२० अंश. तू १८० फिरवून ते १० वाजता नेऊन ठेवलंस. उलट्या दिशेला ते क्रँकच्या फक्त ६० अंश पुढे राहिलं, हवं त्यापेक्षा ६० नी कमी.

आणि धापा का टाकतं तेही बघ. ह्या चुकीच्या जागी पिस्टन टोकावरून निघाला तरी पोर्ट उघडतच नाही, क्रँक जवळजवळ ५५ अंश पुढे गेल्यावर उघडायला लागतं. तोवर फुकटचं ओढणं. आणि एक्झॉस्ट, जो स्ट्रोक संपायच्या ३० अंश आधी उघडायला पाहिजे, तो स्ट्रोक संपल्यावर ३० अंशांनी उघडतो, म्हणजे पिस्टन परत फिरला तरी मागची कोंडलेली हवा त्याच्याच अंगावर. इंजिन एका हातानी ढकलतंय आणि दुसऱ्या हातानी स्वतःलाच धरतंय.

पितळी_पिस्टन
रविवार, सकाळी १०:५०

आईशप्पथ. घड्याळाचं उदाहरण वाचलं आणि डोक्यात लख्ख झालं. डिप्लोमाला हे शिकवलं होतं, व्हॉल्व्ह डायग्राम काढून मार्क पण मिळवले होते, पण हे असं असतं हे आज कळलं.

१२० फिरवून बघितलं, आत्ताच, अंघोळ न करता. उलटं तितकंच मस्त चालतं!! आता पुढचा प्रश्न, दर वेळी ॲलन की घेऊन ग्रब स्क्रू ढिला करत बसायचं का? चालू इंजिनाला दिशा कशी बदलायची?

फायरमनचा_पोरगा
रविवार, दुपारी १:१५

वाचून मजा आली. माझे वडील ६०च्या दशकात रेल्वेत फायरमन होते, पुढे ड्रायव्हर झाले. मला गणित येत नाही पण दिशा बदलायचा तो ड्रायव्हरचा दांडा मात्र लहानपणापासून ऐकत आलोय.

बाळा, तुझ्या १२० अंशांच्या दोन जागा आहेत ना, ४ वाजताची आणि ८ वाजताची, तर मोठ्या इंजिनात दोन वेगवेगळी एक्सेंट्रिकं एकाच धुरीवर कायमची बसवलेली असतात, एक ४ वर, एक ८ वर. दोन्हींचे रॉड पुढे येतात आणि एका बाकदार खाचेच्या पट्टीच्या दोन टोकांना जोडलेले असतात. त्या पट्टीला लिंक म्हणतात. खाचेत एक ठोकळा असतो, तो व्हॉल्व्हला जोडलेला. ड्रायव्हरच्या हातातल्या दांड्यानी ती लिंक वर किंवा खाली सरकते. लिंक खाली सोडली की ठोकळा वरच्या टोकाशी, म्हणजे सुलट एक्सेंट्रिकचं ऐकतो. वर उचलली की खालच्या टोकाशी, उलट एक्सेंट्रिकचं ऐकतो. चाकं उभी असोत की फिरत असोत, स्क्रू-बिक्रू काही ढिला करायला नको.

वडील सांगायचे, नव्या पोराला पहिला धडा हाच की रेग्युलेटर (वाफ सोडायचा मुख्य व्हॉल्व्ह) बंद केल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही. वाफ चालू असताना व्हॉल्व्ह त्याच्या तोंडावर दाबला गेलेला असतो, कडी खाचेतून काढलीस की सगळा जोर दांड्यावर येतो. एका शेडमध्ये त्यांनी घाईत तेच केलं, दांडा असा उसळला की मनगट सुजून आठवडाभर डाव्या हातानी जेवत होते. आई म्हणायची शेडमध्ये मारामारी केलीस की काय.

गिरणगाववाला
रविवार, दुपारी २:४०

ह्या लिंकला स्टीफनसन लिंक म्हणतात ना? जॉर्ज स्टीफनसनचा शोध. रॉकेटवाला.

मोजूनमापून
रविवार, दुपारी ३:०२

नाव स्टीफनसनचं, डोकं त्याच्या कारखान्यातल्या लोकांचं. १८४२ मध्ये न्यूकॅसलला रॉबर्ट स्टीफनसन (जॉर्जचा मुलगा) यांच्या कारखान्यात विल्यम विल्यम्स आणि विल्यम हाऊ ह्या दोघांनी ते घडवलं. मालकाचं नाव चिकटलं, नेहमीचंच. त्याआधी गॅब गिअर म्हणून प्रकार होता, दोन एक्सेंट्रिकांच्या रॉडांना टोकाला बेचकी, आणि ड्रायव्हरनी एक बेचकी पिनवरून काढून दुसरी अडकवायची. एक तर हे किंवा ते, अधलंमधलं काही नाही. लिंकमुळे अधलंमधलं शक्य झालं आणि खरी कमाई त्यातच होती.

कशी ते सांगतो, कारण रिव्हर्सच्या दांड्याला लोक फक्त रिव्हर्सचा दांडा समजतात. ठोकळा लिंकच्या टोकाशी असला की व्हॉल्व्हची हालचाल पूर्ण, वाफ स्ट्रोकच्या साधारण ७५ टक्क्यांपर्यंत आत येत राहते. (पितळी_पिस्टन, तुझं पण गणित केलं, ७८ टक्के येतं.) गाडी जागेवरून हलवायला हे बरोबर. पण गाडीनी वेग घेतला की ड्रायव्हर दांडा हळूहळू मधल्या खाचेकडे आणतो. आता दोन्ही एक्सेंट्रिकं थोडी थोडी आपापलं म्हणणं पुढे रेटतात, व्हॉल्व्हची हालचाल लहान होते, पण लॅप तेवढाच राहतो, त्यामुळे पोर्ट लवकर बंद होतं, २५ टक्क्यांवर म्हण. उरलेला पाऊण स्ट्रोक आत आलेली वाफ नुसती फुगून पिस्टन ढकलते. कोळसा वाचतो, पाणी वाचतं. म्हणजे दांडा एकच, गाडी पुढे-मागे पण तोच करतो आणि कोळशाची काटकसर पण तोच.

फायरमनचा_पोरगा
रविवार, दुपारी ३:३०

हे लाख बोललास. फायरमनला हे सगळ्यात आधी पाठीत कळायचं. ड्रायव्हर कंजूष असेल, दांडा वेळेवर मागे घेणारा, तर फायरमन मध्ये एखादी बिडी ओढायचा. दांडा पुढे टाकून रेग्युलेटर अर्धवट ठेवून हाकणारा असेल तर फावडं खाली ठेवायची सोय नाही. धुराड्याच्या आवाजावरून पण कळायचं, दांडा पुढे असला की भक्क भक्क असा जाड आवाज आणि मागे घेतला की बारीक कुजबुज. वडील म्हातारपणी पण कुठल्या इंजिनाचं रेकॉर्डिंग लावलं की डोळे मिटून सांगायचे, "अजून मागे घे रे गाढवा".

आगबोट_५७
रविवार, संध्याकाळी ६:१८

मी मरीन इंजिनिअर, आता रिटायर. माझी सगळी नोकरी डिझेल जहाजांवर झाली त्यामुळे वाफेची रेसिप्रोकेटिंग इंजिनं फक्त शिकताना हाताळली, पण एक गोष्ट सांगावीशी वाटते. कोकणात जाणाऱ्या आगबोटींच्या पिढीतल्या जहाजांना असलीच लिंक असायची, फक्त एका सिलिंडरला एक असे तीन संच, आणि लिंका एवढ्या जड की त्या हलवायला स्वतंत्र छोटं वाफेचं इंजिन. वर ब्रिजवरून टेलिग्राफची घंटा वाजली आणि काटा मागच्या बाजूला गेला की खाली इंजिनरूममध्ये पळापळ. धक्क्याला लावताना पाच मिनिटांत सात-आठ वेळा पुढे-मागे.

आणि आजची गंमत ऐका. जेएनपीटीला जी महाकाय कंटेनर जहाजं येतात त्यांच्या मोठ्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनाला पण रिव्हर्स गिअर नसतो. इंजिन थांबवायचं, इंधन आणि स्टार्टिंग एअर कधी सोडायची त्याचा टायमिंग उलट्या दिशेचा करायचा, आणि हवेनी इंजिन उलटं सुरू करायचं. थोडक्यात तुमचं ते ४ वाजता आणि ८ वाजताच. वाफ गेली पण डोकं तेच राहिलं.

गिरणगाववाला
रविवार, संध्याकाळी ७:०९

मग गिरण्यांच्या इंजिनांचं काय? आजोबा लालबागच्या एका गिरणीत ऑइलमन होते, त्यांच्या तोंडी रिव्हर्स वगैरे कधी ऐकलं नाही.

मोजूनमापून
रविवार, संध्याकाळी ७:२५

कारण लागायचाच नाही. गिरणीचं इंजिन जन्मभर एकाच दिशेला फिरणार, त्यामुळे तिथे लिंक नाही, तिथे कॉर्लिस व्हॉल्व्ह. अमेरिकेतल्या जॉर्ज कॉर्लिसनी १८४९ मध्ये पेटंट घेतलं, प्रत्येक सिलिंडरला चार वेगळे फिरते व्हॉल्व्ह, दोन आत घ्यायला दोन बाहेर सोडायला, आणि वाफ कधी तोडायची ते गव्हर्नर (वेगावर लक्ष ठेवणारं यंत्र) स्वतः ठरवतो. गिरणीत वेग जराही हलला तर सूत तुटतं, म्हणून सगळी अक्कल वेग धरून ठेवण्यात खर्च केलेली. १९१५ पासून खोपोलीची टाटांची वीज यायला लागली आणि मग एकेक इंजिन गेलं.

धावतपळत
रविवार, रात्री ८:४४

बरं मग रिव्हर्सचा विषय आहे तर आपल्या खंडाळ्याच्या रिव्हर्सिंग स्टेशनला पण हेच लागायचं का? तिथे म्हणे गाडी उलटी व्हायची.

फायरमनचा_पोरगा
रविवार, रात्री ९:०१

नाही रे, ती वेगळी भानगड. १८६३ ला बोर घाट सुरू झाला तेव्हा डोंगरात वळण घ्यायला जागा नव्हती म्हणून इंग्रजी व्ही सारखी लाइन टाकली, गाडी एका पायावरून टोकाला जायची, तिथे इंजिन ह्या टोकाचं त्या टोकाला, आणि दुसऱ्या पायावरून पुढे. चढ ३७ला १. १९२९ ला नवी लाइन झाली आणि ते बंद पडलं. इंजिन टोक बदलताना दांडा पुढे-मागे होत असणारच, पण नाव त्यावरून नाही पडलं.

विषयावर येऊ. मुलाला स्टीफनसन लिंक बनवायला लावताय का तुम्ही? दोन एक्सेंट्रिकं, बाकदार लिंक, २० मिमी बोअरला? डोळे जातील त्याचे.

मोजूनमापून
रविवार, रात्री ९:३०

नको नको. एका सिलिंडरच्या छोट्या मॉडेलला स्लिप एक्सेंट्रिक कर, पितळी_पिस्टन. तुझं आत्ताचं एक्सेंट्रिकच वापरता येईल. ग्रब स्क्रू काढून टाक, एक्सेंट्रिक शाफ्टवर मोकळं फिरू दे, बाजूला सरकू नये एवढं बघ. त्याच्या कुशीत एक पिन ठोक. शेजारी शाफ्टवर एक कॉलर पक्की बसव आणि त्या कॉलरमध्ये पिनसाठी गोलाकार खाच काप. सुलट फिरताना खाचेची एक कड पिनला ढकलते, एक्सेंट्रिक ४ वाजता. आता फ्लायव्हील हातानी उलटं फिरव, शाफ्ट फिरेल पण एक्सेंट्रिक जागेवरच राहील, १२० अंश झाले की खाचेची दुसरी कड पिनला येऊन भिडेल आणि एक्सेंट्रिक आपोआप ८ वाजता. मग हवा सोड.

तोटा एवढाच की दिशा बदलायला इंजिन हातानी थोडं फिरवून द्यावं लागतं, आणि कट-ऑफ, म्हणजे स्ट्रोकच्या किती भागानंतर पोर्ट बंद होतं ते, कमी-जास्त करता येत नाही. तसंही एकाच सिलिंडरचं इंजिन डेड सेंटरला (पिस्टन अगदी टोकाला असताना) अडकलं की बोट लावावंच लागतं. आगगाडीच्या इंजिनाला दोन सिलिंडर आणि क्रँक एकमेकांना ९० अंशांत असतात ते त्यासाठीच, एक अडकलं तरी दुसरं मोकळं.

गिरणगाववाला
सोमवार, सकाळी ७:५०

एक विचारू का, आमच्या लहानपणी जी डब्ल्यूपी इंजिनं बघितली, पुढे बंदुकीच्या गोळीसारखं टोक, त्यांना चाकांच्या बाहेरच सगळं दिसायचं, दांडे वरखाली. लिंक चाकांच्या आत नव्हती मग.

मोजूनमापून
सोमवार, सकाळी ८:३५

बरोबर निरीक्षण. ते वॉलशार्ट्स गिअर. एजीड वॉलशार्ट्स हा बेल्जियमच्या सरकारी रेल्वेतला फोरमन, १८४४ मध्ये त्याला हे सुचलं, पण फोरमननी पेटंट घ्यायचं नाही असा तिथला नियम म्हणून फिशर नावाच्या इंजिनिअरनी त्याच्या वतीनं अर्ज केला. पुढे जर्मनीत हॉयसिंगरनी स्वतंत्रपणे तेच शोधलं, त्यामुळे जर्मन लोक अजून त्याचंच नाव घेतात.

ह्यात दोन एक्सेंट्रिकं लागत नाहीत. चाकाच्या क्रँकपिनवर एक छोटा उलटा क्रँक बसवलेला असतो, तो इंजिनाच्या क्रँकपासून ९० अंशांत, आणि तो लिंकला मधल्या खुंटीवर सी-सॉसारखं झुलवतो. ठोकळा खुंटीच्या खाली असला तर एक दिशा, वर नेला तर हालचाल उलटी म्हणून दुसरी दिशा. मग तुझा तो ३० अंशांचा ॲडव्हान्स कुठून येतो? तो येतो क्रॉसहेडवरून (पिस्टनच्या दांड्याच्या टोकाचा सरकता ठोकळा), कॉम्बिनेशन लिव्हर नावाची एक उभी पट्टी असते ती क्रॉसहेडची थोडीशी हालचाल उचलून व्हॉल्व्हला देते, बरोबर लॅप + लीड एवढी. मला ह्यातलं हे सगळ्यात जास्त आवडतं. तुझ्या एक्सेंट्रिकमध्ये ९० आणि ३० एकत्र कालवलेले आहेत म्हणून उलटं करताना घोळ झाला. वॉलशार्ट्सनी दोन्ही वेगळे केले, ९० वाला भाग तेवढा उलटा होतो, लॅप-लीडचा भाग दोन्ही दिशांना तोच. दांडा अगदी मधोमध आणला तरी व्हॉल्व्ह थांबत नाही, लॅप-लीडपुरता इकडेतिकडे हलत राहतो. आणि सगळं बाहेर, तेल घालायला खड्ड्यात उतरायला नको.

वरळीला नेहरू सायन्स सेंटरच्या बागेत जुनं वाफेचं इंजिन उभं आहे, पोराबाळांना घेऊन जाल तेव्हा चाकांपाशी वाकून बघा. व्हॉल्व्हचा दांडा कुठून कुठे जातो ते बोटानी मागे मागे जात शोधा, अर्धा तास सहज जातो आणि पोरं कंटाळतात.

पितळी_पिस्टन
पुढचा रविवार, रात्री १०:१५

अपडेट देतो.

मोजूनमापून म्हणाले तसं स्लिप एक्सेंट्रिक केलं. आज सकाळी भांडुपला जाऊन कॉलर वळली, ३ मिमीची पिन, शाफ्टच्या मध्यापासून ८ मिमीवर, आणि खाच कापली बरोबर १२० अंशांची, अगदी इंडेक्स प्लेट लावून. घरी येऊन जोडलं. सुलट एक नंबर. उलट फिरवलं तर चालतं पण ठक ठक ठक असं ठोकतंय, आणि सुरू करताना बोटालाच उलटा झटका. परत तोच वैताग, म्हटलं आता काय राहिलं. चहा घेतला, कॉलर काढून हातात घेतली आणि बघतोय तर काय, मी पिनची जाडी धरलीच नाही! खाच १२० ची, त्यात पिननीच २०-२२ अंश खाल्लेत, म्हणजे मोकळी हालचाल फक्त ९८ अंश. एक्सेंट्रिक ८ पर्यंत पोचतच नव्हतं, सव्वासातला अडकत होतं.

मोजूनमापून
पुढचा रविवार, रात्री १०:२८

हाहा, सांगायला पाहिजे होतं मी. ह्या वेळी चूक उलट्या बाजूची, ॲडव्हान्स ३० ऐवजी ५२ झाला, त्यामुळे पिस्टन टोकाला पोचायच्या २५-२७ अंश आधीच हवा आत येऊन त्याला समोरून मारतेय. तोच तुझा ठक ठक आणि बोटाचा झटका. खाच साधारण १४२ अंशांची कर, एकाच बाजूनी वाढव, सुलटची कड बिघडवू नकोस.

पितळी_पिस्टन
पुढचा रविवार, रात्री ११:३६

केलं! कानशीनी, खिडकीत बसून, थोडं घासायचं आणि लावून बघायचं, थोडं घासायचं आणि लावून बघायचं. आता दोन्हीकडे सारखं चालतंय. बोटानी फ्लायव्हील मागे ढकललं की एक बारीक "टिक" येतो, पिन दुसऱ्या कडेला बसल्याचा, आणि मग निघतं. तो टिक आवाज ऐकायला मी आत्तापर्यंत पन्नास वेळा दिशा बदलली असेल.

फायरमनचा_पोरगा
पुढचा रविवार, रात्री ११:४४

व्हिडिओ टाक रे. आणि तेल कुठलं घालतोस? हवेवर चालवतोयस तोवर शिलाई मशीनचं पातळ चालेल, पण उद्या वाफेवर नेलंस तर ते धुवून जाईल, तेव्हा जाड सिलिंडर ऑइलच लागेल. आणि बॉयलर म्हणून घरचा कुकर वापरायचं मनात सुद्धा आणू नकोस.

पितळी_पिस्टन
पुढचा रविवार, रात्री ११:५०

नाही काका, कुकरचं झाकण आईनी आधीच कपाटात ठेवलंय, ह्या थ्रेडची लिंक बहिणीनी तिला वाचून दाखवली. व्हिडिओ उद्या सकाळी टाकतो, आत्ता कॉम्प्रेसर लावला तर खालच्या मजल्यावरचे वर येतील.